वरळीच्या पोटातला शेल डंपरमध्ये जाऊ नये

महोदय,

वरळी, प्रभादेवी, मलबार हिल भागात जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहत आहेत. पाया खणण्याआधी प्लॉटवर बोअरिंग होते. माझी सारी नोकरी त्या मशिनपाशी गेली, म्हणून हे पत्र.

बोअरमधून येणारा कोअर, म्हणजे खडकाची लांबट कांडी, बहुतेक काळ्या कातळाचा असतो. वरळीच्या बाजूला मात्र मध्येच मशिनचा आवाज बदलतो, पाणी करडे येऊ लागते आणि कातळाखालून शेल, म्हणजे गाळ घट्ट होऊन बनलेला मऊ खडक, निघतो. ओला असेपर्यंत तो अखंड दिसतो. कोअर बॉक्स उन्हात उघडा राहिला की दुपारपर्यंत त्याच्या पापड्या सुटू लागतात. इंजिनिअरच्या लेखी हा कमकुवत थर. बोअरलॉगमध्ये 'शेल' एवढीच नोंद पडते आणि काम संपले की बॉक्ससकट माल डेब्रिसच्या डंपरमध्ये जातो. हे मी अनेक साइटवर पाहिले आहे.

हा शेल म्हणजे सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या तळ्यांचा गाळ. लाव्हाचा एक प्रवाह थंड होऊन काळा कातळ झाला आणि पुढचा येईपर्यंत मध्ये पुष्कळ काळ गेला. तेवढ्यात इथे गोड्या पाण्याची तळी साचली, त्यांत बेडूक, कासवे नांदली. पुढच्या लाव्हाने सगळे झाकून टाकले. आज शेजारी खारा समुद्र आहे, पण हे जीव समुद्रातले नव्हेत! वरळीच्या शेलमध्ये सापडलेल्या या चिमुकल्या बेडकांच्या जीवाश्मांचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये केले. 'डायनोसॉर' हे नाव देणारे तेच ओवेन. पुढे 1930 मध्ये या बेडकाला 'इंडोबॅट्रॅकस' असे भारताच्या नावाचे स्वतंत्र प्रजातिनाम मिळाले. ज्या शहरात तो सापडला, तिथल्या किती शाळकरी मुलांना हे ठाऊक आहे?

टॉवर होऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. बांधकाम परवानगीत पालिकेने एक अट घालावी: शेल लागला तर तेवढे कोअर लगेच प्लास्टिकमध्ये गुंडाळून, खोली आणि जागा लिहून, मुंबईतल्या एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे द्यावेत. पायाची खोदाई त्या थरापर्यंत पोहोचेल तेव्हा तिथल्या अभ्यासकांना एक दिवस आत येऊ द्यावे. बिल्डरचा खर्च म्हणाल तर चार बॉक्स आणि एका टेम्पोची फेरी.

– बोअरिंगच्या कामातून निवृत्त झालेला एक वाचक, प्रभादेवी