नातवाचं मन अभ्यासात का लागत नाही: आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबा,

साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आई म्हणाली, "शाळेत असताना याला पुस्तकासमोरून उठवावं लागायचं आणि आता म्हणतो, पुस्तक उघडवतच नाही." बाबा, तुम्ही फोन घेतलात आणि एकच वाक्य बोललात, "आळशी झालाय." त्या दोन वाक्यांनंतर मला बरंच बोलायचं होतं, पण फोनवर ते नीट मांडता आलं नसतं. दादाचा छोटू विद्यापीठातून सुट्टीत तुमच्याकडे राहायला येतोय, त्याआधी हे तुमच्या हातात पडावं म्हणून सविस्तर लिहितेय.

छोटू आळशी झालेला नाही. गेली कित्येक वर्षं मी पहिल्या वर्षाच्या वर्गांना शिकवते आणि दरवर्षी अशी मुलं माझ्यासमोर असतात. शाळेत पहिल्या पाचांत असलेली, वह्या नीटनेटक्या ठेवणारी, एक दिवस गृहपाठ चुकला तर रडवेली होणारी मुलं. पहिले काही आठवडे ती पुढच्या बाकांवर बसतात, मग मागे सरकतात, मग दिसेनाशी होतात. कधी गाठून विचारलं तर उत्तर बहुतेक एकच मिळतं: "मॅडम, येत नाही असं नाही. बसवतच नाही."

शाळेत छोटूचा सगळा दिवस दुसऱ्या कुणीतरी आखलेला होता. घंटा झाली की गणित, पुढची झाली की भाषा. आजचा गृहपाठ उद्या तपासला जाई, चुकलं तर लाल शाईत लगेच दिसे. थोड्या थोड्या दिवसांनी चाचणी, घरी आल्यावर वहिनीचा प्रश्न, "काय दिलंय आज?" त्याची मेहनत खरीच होती, तिचं श्रेय मला जराही कमी करायचं नाही. पण कधी बसायचं, किती वाचायचं, कुठे थांबायचं आणि आपल्याला आलंय की नाही हे कसं ओळखायचं, ही कामं त्याच्या वाट्याला कधी आलीच नाहीत. विद्यापीठात ही सगळी एकदम त्याच्यावर आली आणि आलीत असं कुणी बोललंही नाही.

युरोपातली विद्यापीठं हा हिशेब उघड मांडतात. तिथे पूर्ण वर्षाच्या अभ्यासाला ६० क्रेडिट आणि साधारण १५०० ते १८०० तास धरतात. त्यात वर्गातले तास येतात, तसे स्वतः वाचण्याचे, उदाहरणं सोडवण्याचे, परीक्षेच्या तयारीचेही येतात, आणि हे नंतरचे तास थोडे नसतात. पण वेळापत्रकात छापलेले असतात फक्त वर्गाचे. उरलेले चौकोन कोरे. अठराव्या वर्षी कोरा चौकोन पाहिला की ती मोकळी वेळ वाटते, आणि तसं वाटणं साहजिक आहे.

मग पुढे जे होतं ते मी फार जवळून पाहिलंय. भौतिकशास्त्रासारख्या विषयात एक प्रकरण मागे पडलं की पुढचं लेक्चर अर्धंच कळतं. दोन लेक्चर कळली नाहीत की तिसऱ्याला बसण्यात अर्थ वाटत नाही. आठवडाभर गैरहजर राहिल्यावर परत जायची लाज वाटायला लागते, सर काय म्हणतील, मुलं काय म्हणतील. शाळेत हे दुसऱ्याच दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं असतं. इथे सेमिस्टर संपेपर्यंत कुणी विचारत नाही. बाहेरून बघणाऱ्याला मुलगा दिवसभर खोलीत लोळताना दिसतो. आत त्याला प्रत्येक पुस्तकाची धास्ती बसलेली असते. उघडलं की आपण किती मागे आहोत ते कळणार, म्हणून तो उघडत नाही. बाबा, या धास्तीला आळस म्हटलं तर तो आणखी लपेल, एवढंच होईल.

दुसरी गोष्ट त्याच्या भोवतालच्या मुलांची. छोटू त्याच्या शाळेत पहिला यायचा. आता वर्गात बसलेला जवळजवळ प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या शाळेत पहिलाच आलेला आहे. हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात याचा अभ्यास करून त्याला लहान तळ्यातल्या मोठ्या माशाचं नाव दिलं. तेवढ्याच कुवतीचं मूल अधिक हुशार मुलांच्या वर्गात गेलं की स्वतःला कमी लेखू लागतं. पुढे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने २६ देशांतल्या विद्यार्थ्यांची माहिती तपासली, त्यातही हेच दिसलं. छोटूचं डोकं वर्षभरात मंद झालेलं नाही, फक्त ज्यांच्याशी तो स्वतःला ताडून पाहतो ती माणसं बदलली.

आई, आता जे लिहितेय ते तुला थोडं लागेल, पण लिहायलाच हवं. आपण सगळे त्याला लहानपणापासून "हुशार" म्हणत आलो. तू, मी, दादा, सगळेच, आणि प्रेमानेच. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना आधी सोपी कोडी दिली. ती सुटल्यावर काहींना "तू हुशार आहेस" म्हटलं, काहींना "तू मेहनत घेतलीस" म्हटलं. मग मुद्दाम अवघड कोडी दिली, ती कुणालाच धड जमली नाहीत. शेवटी पुन्हा पहिल्याइतकीच सोपी कोडी दिली. हुशार म्हटलेल्या मुलांची कामगिरी आता आधीपेक्षा घसरली होती, कोडी सोडवण्यातली मजाही त्यांना कमी वाटू लागली होती. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं मात्र सुधारली. हुशारी हीच ओळख असली की न जमणारा प्रत्येक प्रश्न त्या ओळखीवर घाला वाटतो. न सोडवणं तेवढं सुरक्षित राहतं: अभ्यास केलाच नाही, म्हणून मार्क पडले नाहीत, असं म्हणता येतं. छोटू मला अगदी हेच म्हणाला, "मी केला असता तर आला असता पेपर." ते ऐकून मला त्याची फार काळजी वाटली.

बक्षिसांचंही सांगते, कारण पास झालास तर नवा लॅपटॉप असं दादाने कबूल केलंय म्हणे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं घेतली. काहींना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. नंतर रंगपेनं नुसती समोर ठेवली, तेव्हा ज्यांना बक्षीस आधीच कबूल केलं होतं त्या मुलांनी त्यांना इतरांपेक्षा कमी हात लावला. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड तशीच राहिली होती. म्हणजे बक्षीस वाईट नाही, बक्षिसाचा सौदा वाईट. लॅपटॉप लागत असेल तर दादाने तो आत्ताच द्यावा, निकालाशी त्याची गाठ घालू नये.

शाळेतल्या मार्कांनी, नंबरांनी छोटूला इतकी वर्षं चालतं ठेवलं. तो ज्या प्रश्नावर रात्रभर जागेल असा त्याचा स्वतःचा प्रश्न शोधायची वेळच आली नाही. बाबा, हे तुम्हाला दुसऱ्या कुणापेक्षा लवकर कळेल. निवृत्त झाल्यावर तुम्ही दुर्बीण घेतलीत आणि आजही रात्री गच्चीत बसून गुरूचे चंद्र वहीत मांडता. कुणी परीक्षा घेत नाही, तरी एक रात्र ढगांत गेली तर तुम्ही हळहळता. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी अशा ओढीवर आयुष्यभर काम केलं. ती टिकायला तीन गोष्टी लागतात असं ते मांडतात: हे मी माझ्या मर्जीने करतोय, मला हे थोडं थोडं जमतंय, आणि इथे माझी माणसं आहेत. तुमच्या गच्चीवर तिन्ही आहेत, कारण रात्री अकरा वाजता चहा घेऊन वर येणारी आईही आहे. छोटूकडे आज यातली एकही नाही.

तिसरीचं, म्हणजे आपल्या माणसांचं, मोल आपण फार कमी धरतो. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या मुलांना मोठ्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही परकं वाटलं, नंतर ते सरलं. तासाभराचाच कार्यक्रम. पण तिथे परकेपणा ज्यांना सगळ्यात जास्त जाणवायचा त्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे ग्रेड पुढची तीन वर्षं सुधारत गेले. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. २०२३ मध्ये २२ संस्थांत मोठी चाचणी झाली तेव्हा आणखी एक कळलं, की जिथे मुलांना आपलंसं वाटायला खरोखर जागा आहे तिथेच याचा उपयोग होतो. नुसत्या धीराच्या शब्दांवर भागत नाही. म्हणून मी छोटूला एकच गोष्ट आग्रहाने सांगितली आहे, की आठवड्यातून दोनदा कुणातरी एकाबरोबर बसून उदाहरणं सोडव. आणि ज्या सरांना तोंड दाखवायची लाज वाटते त्यांच्याकडे एकदा जाऊन म्हण, या प्रकरणापासून मला कळेनासं झालं. मी शिक्षक म्हणून खात्रीने सांगते, असं म्हणत आलेल्या मुलावर आम्ही चिडत नाही. उलट तो दिवस आमचा चांगला जातो.

वाचण्याची रीतही बदलायला हवी. तो अजून शाळेसारखंच तेच तेच पुन्हा वाचतो. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना आठवड्यानंतर ४२ टक्के आठवला, तर एकदा वाचून मग पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. पुस्तक मिटून लिहिताना आपल्याला काय येत नाही ते लगेच दिसतं, म्हणून ते नकोसं वाटतं. पण शाळेतली लाल शाई आता त्याला स्वतःच स्वतःला द्यायची आहे.

तो उशिरा उठतो यावरून मात्र त्याला बोलू नका. विशीच्या आसपास झोपेचं घड्याळ आयुष्यातलं सगळ्यात उशिराचं असतं, पुढे ते आपोआप मागे येतं.

एका बाबतीत तुम्ही डोळ्यांत तेल घालून राहा. अभ्यास नको वाटणं वेगळं आणि सगळंच नको वाटणं वेगळं. तो तुमच्याशी गप्पा मारतो का, जेवतो का, क्रिकेटची मॅच बघताना ओरडतो का, ते बघा. दोन आठवडे कशातच रस नाही, झोप आणि भूक पार बिघडली आहे, किंवा "माझ्या असण्याने काय फरक पडतो" असं काही तो बोलला, तर त्याला समजावत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, मला त्याच क्षणी फोन करा, रात्र असली तरी. मग त्याला डॉक्टरांकडे न्यायचं, आणि ते मी नेईन.

नाहीतर तो येईल तेव्हा मार्कांचं विचारू नका, शाळेतल्या बक्षिसांच्या आठवणी काढू नका. आई, तू त्याला "हुशार माझा" म्हणतेस ते थोडे दिवस मनातच म्हण. बाबा, तुम्ही त्याला गच्चीवर न्या आणि तुमची वही दाखवा. मग त्याला विचारा, गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांच्या वेळा पुढेमागे होतात एवढ्यावरून १६७६ मध्ये रोमर या खगोलशास्त्रज्ञाने प्रकाशालाही वेग असतो हे कसं ओळखलं? तुम्हाला ठाऊक असलं तरी विचारा आणि तो समजावताना मध्ये बोलू नका. अडला तर अडू द्या, पुस्तक काढून बघेल. नाही बघितलं तर दुसऱ्या रात्री पुन्हा वर न्या.

दादा त्याला हॉस्टेलमधून कायमचं घरी आणायचं म्हणतोय. या सेमिस्टरचा निकाल लागेपर्यंत त्याने थांबावं असं माझं मत आहे. एखादा विषय राहिला तरी तो पुन्हा देता येतो, पण मित्र जोडायला आत्ता कुठे सुरुवात झालीय, ती मोडू नये. रविवारी मी दादाशी बोलणारच आहे. तोवर तुम्ही दोघांनी त्याला एवढंच सांगा की माझं पत्र आलंय आणि मी फोन करणार आहे. पत्र त्याला दाखवायचं झालं तर खुशाल दाखवा, यातलं काहीच मला त्याच्यापासून लपवायचं नाही.

तुमची,
लेक