जीपमधून ‘ओके’ झालेल्या रेंजबद्दल मंत्रीमहोदयांस खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर आपण वाड्यावाड्यांतल्या आपत्कालीन स्वयंसेवक पथकांना वॉकीटॉकी दिलेत, त्याबद्दल आधी आभार. समई पेटली, फोटो निघाले, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली एकही वाडी यापुढे संपर्काबाहेर राहणार नाही असा शब्दही आपण दिलात. गेल्या आठवड्यात पाऊस धरला, वीज गेली, मागोमाग मोबाईलचे टॉवर गेले, आणि ओहोळापलीकडच्या पथकाचा आवाज अलीकडे आला नाही. नुसती खरखर. खात्याकडे विचारणा केली तर उत्तर मिळालं, ‘चाचणी झालेली आहे, रेंज ओके आहे.’

ही चाचणी एप्रिलच्या उन्हात, डांबरी रस्त्यावरून, जीपमध्ये बसून झाली. जीपमधला सेट २५ वॉटचा, अँटेना टपावर. आमच्या हातातला ५ वॉटचा, आखूड रबरी अँटेनाचा, आणि तोही बहुतेक वेळ कमरेला. तोंडापाशी उभा धरलेला सेट कमरेला लावला की सिग्नल सहज दहाव्या हिश्शावर येतो, कारण अँटेना अंगाला चिकटते. जीपला ऐकू आलं म्हणून पायी चालणाऱ्यालाही येईल असं मानणं म्हणजे मंत्र्यांच्या गाडीला धक्के बसत नाहीत म्हणून रस्ता गुळगुळीत ठरवणं.

दुसरी गंमत शेपटीची. बटण सोडल्यावर रिपीटर, म्हणजे आमचा आवाज पकडून जास्त जोराने पुढे पाठवणारं यंत्र, क्षणभर चालू राहतो आणि ‘खर्र’ असा आवाज येतो. तेवढ्यावर तक्त्यात बरोबरची खूण पडली. त्या आवाजाचा अर्थ इतकाच की सेटने रिपीटरला जागं केलं. बोललेलं पलीकडे समजलं की नाही, हे त्यातून कळत नाही. शिवाय रिपीटर २५ वॉटने बोलतो, म्हणून तो आम्हाला ऐकू येतो. आमचे ५ वॉट त्याच्यापर्यंत पोचतीलच असं नाही. जाणं आणि येणं वेगवेगळं तपासायचं असतं, तक्त्यात मात्र रकाना एकच.

खरी चाचणी अवघड नाही, साहेब, कंटाळवाणी आहे. नकाशावर अर्ध्या-अर्ध्या किलोमीटरचे चौकोन आखा, जिथे घरं आहेत तिथे आणखी लहान. दोघे पायी जातात, एक बोलतो, एक लिहितो. तिसरा नियंत्रण कक्षात. बटण दाबून एक सेकंद थांबून बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. ‘हॅलो, हॅलो’ चालत नाही, ते कान अंदाजाने पुरं करतो. ‘सात, चार, नऊ, चिरेखण’ असं आधी ठाऊक नसलेलं काही सांगायचं आणि समोरच्याने ऐकू आलं तेच लिहायचं. मग १ ते ५ गुण: ५ म्हणजे स्वच्छ, ३ म्हणजे थोडं कान देऊन, एखादा शब्द पुन्हा विचारून कळतं, त्याखाली नापास. आमचे सेट चालतात त्या १५० मेगाहर्ट्झला लहरीची लांबी २ मीटर, त्यामुळे पाऊलभर सरकलं तरी आवाज बुडतो किंवा वर येतो. म्हणून एका ठिकाणी चार-पाच नोंदी, पाऊलपाऊल अंतरावर. एक घराबाहेर, एक चिऱ्याच्या भिंतीआड, पत्र्याखाली. एक तोंडाशी, एक कमरेला. आणीबाणीच्या सेवांसाठी ९५ टक्के जागा पास व्हाव्यात अशी अपेक्षा असते. आमच्या तक्त्यात सगळ्याच पास, तिथेच संशय यायला हवा होता.

आणि हे सगळं पावसात. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तो बहुतेक चार महिन्यांत. एप्रिलमध्ये पानगळ झालेलं रान आणि जुलैमधलं चिंब रान रेडिओच्या दृष्टीने दोन वेगळे प्रदेश. ओलं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, सिग्नल पितं, त्याहून आखूड लहरींचा यूएचएफ तर जास्तच. चरावणे, हिवरे, सत्रे ही गावं डोंगरांच्या कुशीत. शहरातल्या टेकडीवरून त्यांच्याकडे बघणाऱ्या अँटेनेला मधला डोंगरच दिसतो. खिंडीत एक माणूस निरोप पुढे देण्यासाठी उभा करायचा की छोटा रिपीटर लावायचा, हे चाचणीच सांगते.

यंत्राचंही बघा. रिपीटरपासून अँटेनापर्यंत ३० मीटर आरजी-५८ ही बारीक केबल टाकली की १५० मेगाहर्ट्झला पाऊण पॉवर वाटेतच संपते. जोडावर पाणी अडवणारी रबरी टेप नसेल तर एका पावसात तांबं हिरवं. १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते. बोलताना ६ अँपिअर खाणारा रिपीटर निम्मा वेळ बोलला तर सोळा-सतरा तासांत गप्प. मे २०२१ च्या तौक्ते वादळात कित्येक गावं त्याहून जास्त वेळ काळोखात होती.

आता म्हणाल, तुम्हीच का नाही सोय करत? आमच्या हातातल्या अशा ५ वॉटच्या सेटला केंद्राचा परवाना लागतो. अशा वॉकीटॉकीला विनापरवाना मुभा आहे ती ४४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अर्ध्या वॉटची. अर्ध्या वॉटवर डोंगर कसा ओलांडायचा? म्हणजे कायद्याने आमचे हात तुमच्याकडे बांधलेले, आणि तुमचे फीत कापण्यात गुंतलेले.

कारण मोजली जाते ती वाटलेली वस्तू. सेट वाटले, नोंद झाली, विषय मिटला. नळ बसले की पाणी आलं समजायचं, खांब उभे राहिले की वीज. २३ जुलै २०२१ ला म्हादई आणि वाळवंटी या नद्या घरांत शिरल्या, तेव्हा १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर म्हणून सरकारनेच सांगितलं. त्यानंतर किनाऱ्यावर महोत्सवासाठी रातोरात जादा टॉवर उभे राहिलेले सगळ्यांनी पाहिले. सत्तरीची मतं काय अर्ध्या वॉटची आहेत?

मागणी आटोपशीर आहे. चाचणीचा मूळ तक्ता आणि रेंजचा नकाशा पंचायतीच्या फलकावर लावा, नापास चौकोनांसकट. चतुर्थीआधी, पाऊस असतानाच, फेरचाचणी घ्या. माणसं आम्ही देतो. तुम्ही फक्त जीपमधून ‘ओके’ लिहिणारे अधिकारी पाठवा, चालत. जळवांसाठी मीठ आणि तंबाखू पथकाकडे आहे.

आपले,
सत्तरीतील आपत्कालीन स्वयंसेवक