ही आजोबांची मशीन नव्हे

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

काल "लेकराला मशीनवर टाकू नकोस" म्हणून बाबांनी फोनच ठेवला. कागद तरी शेवटपर्यंत वाचाल, म्हणून लिहितेय.

बाबा, तुमच्या डोळ्यांसमोर आजोबा आहेत. घशात नळी, हात बांधलेले. ही ती मशीन नव्हे. आपल्या संतूच्या नाकातोंडावर फक्त मास्क असतो. श्वास तोच घेतो. बायपॅप नावाची ही मशीन श्वास आत घेताना हवेचा जास्त दाब देते, सोडताना कमी. सकाळी त्याचं डोकं ठणकायचं, दिवसा पेंगायचा, आठवतं? सिस्टिक फायब्रोसिस या त्याच्या जन्मजात आजाराने चिकट कफ होऊन फुप्फुसं भरलेली, छातीचे स्नायू थकलेले, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत होता. रात्री मास्क लावायला लागल्यापासून डोकं ठणकायचं थांबलंय. परवा भाकरी मागितली! इथे तेलुगूत तिला जोन्न रोट्टे म्हणतात. आईसारखी नाही म्हणून नाक मुरडलं, पण दोन खाल्ल्या.

नळी डॉक्टरही शक्यतो टाळतात. तिच्यासाठी गुंगीत ठेवावं लागतं, खोकून कफ काढता येत नाही, अंगातली ताकद जाते. मास्क पुरला नाही तर एक्मो नावाची मशीन आहे. रक्त बाहेर काढून, त्यात ऑक्सिजन भरून परत सोडतात. त्यावर काही जणांना जागं ठेवून चालवतातसुद्धा. मास्कने आजार बरा होत नाही, हे लपवत नाही. दात्याची फुप्फुसं मिळेपर्यंत तग धरायचा. दोन्ही बदलावी लागणार, नाहीतर जुन्यातले जंतू नव्यात उतरतात.

गावी आणायचं म्हणता, पण मिळालेलं फुप्फुस काही तासांतच बसवावं लागतं. दवाखान्याचा फोन आला की निघायचं. शिवाय आपली डीपी जळाली की आठ-आठ दिवस लाइट नाही. इथल्या खोलीत मी इन्व्हर्टर घेतलाय. (सोयाबीनचे पैसे त्यातच गेले. रागावू नका.)

आई, आत्या काहीही म्हणो, "तुझ्या माहेरचं आलं" हे खोटं. सिस्टिक फायब्रोसिसचा दोष आईबाप दोघांकडून आला तरच आजार होतो. तान्ह्याचा पापा घेऊन तूच म्हणायचीस ना, "लेकरू खारट लागतंय"? ते याच आजाराचं लक्षण. डॉक्टरांच्या आधी तुला कळलं होतं गं.

बाबा, संमतीची सही संतूने स्वतः केलीय, पण तुमचा होकार हवाय त्याला. देवगिरी एक्स्प्रेसने या, सिकंदराबादला मी घ्यायला येते. ज्वारीचं पीठ आणा. ठेचा नको, खोकला लागतो.

तुमची,
ताई