मा. आरोग्यमंत्री, ऑटिझम मुलींनाही असतो

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
साहेब, नमस्कार.

माझी मुलगी आता १५ वर्षांची आहे, तिला ऑटिझम आहे हे आम्हाला कळलं ती १४ ची झाल्यावर. त्याआधी तीन डॉक्टर झाले, शाळेत तपासण्या झाल्या, सगळ्यांचं एकच, लाजाळू आहे हो, मोठी झाली की होईल नीट. रात्री आरशासमोर उभी राहून "आज डब्यात काय आणलंस गं" हे एकच वाक्य पाच-पाच वेळा म्हणायची, उद्या मधल्या सुट्टीत मैत्रिणीला विचारायला, आणि वर्गात सगळे हसले की शेजारणीकडे बघून मग हसायची. घरी आली की दप्तर दारातच टाकून पलंगाखाली शिरायची, तास-तासभर बाहेर यायची नाही, हात लावला तर किंचाळायची. बाई म्हणायच्या, शाळेत तर किती गुणी आहे, घरीच लाडावलीय. म्हणजे चूक परत आईचीच.

असं दुसऱ्यांचं बघून, पाठ करून आपलं वेगळेपण लपवणं, याला मास्किंग म्हणतात. मुलगेही करतात, पण मुलींमध्ये जास्त दिसतं, आणि गप्प बसणारी मुलगी आपल्याकडे कुणाला खटकतच नाही ना.

१९४३ साली लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने ऑटिझम असलेल्या ज्या ११ मुलांबद्दल लिहिलं त्यात ८ मुलगे होते आणि ३ मुली, तेव्हापासून ऑटिझम म्हटलं की मुलगाच डोळ्यासमोर येतो. चार मुलग्यांमागे एक मुलगी असं सांगतात, पण २०१७ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा, जिथे आधीच्या निदानावर न थांबता मुलं शोधून तपासली होती तिथे हे प्रमाण तीनास एकच्या जवळ निघालं. मुली कमी असतीलही, पण एवढ्या कमी नाहीत साहेब, त्या सुटतायत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची टीम मुलं तपासायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जाते, अशी सोय असताना मुलगी १४ वर्षं कुणाला दिसू नये याचं मला फार वाईट वाटतं. टीममधल्या डॉक्टरांना दोष नाही देत, एका दिवसात त्यांनी किती पोरं बघायची, आणि नाव विचारलं की माझी मुलगी नीट नाव सांगायची, विषय संपला.

म्हणून मागणी एवढीच. या टीमना मुलींमधला ऑटिझम कसा दिसतो याचं ट्रेनिंग द्या, जिल्ह्याच्या डीईआयसीमध्ये, म्हणजे या टीम मुलांना पुढच्या तपासणी-उपचारासाठी पाठवतात त्या केंद्रात, किती मुलगे आणि किती मुली पोचल्या ते आकडे वेगवेगळे जाहीर करा, आणि पुढच्या तपासणीच्या फॉर्मवर आईसाठी एक ओळ ठेवा, मूल शाळेतून घरी आल्यावर पहिला तासभर काय करतं.

आपली,
एक आई