६१७४ च्या पुढचे कापरेकर

माननीय संपादक,

२२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन जवळ आला की नाशिकच्या फळ्यांवर गणिती द. रा. कापरेकरांचा ६१७४ उमटतो. त्यांची कृती अशी: संख्येचे अंक उतरत्या क्रमाने लिहायचे, त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने लिहून वजा करायचे आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा पुन्हा तेच करायचे. पण 'कोणतीही संख्या घ्या, शेवटी ६१७४ येतेच' असे मुलांना सांगू नये. संख्या चार अंकी हवी, चारही अंक सारखे नकोत आणि शून्य गाळायचे नाही. २१११ मधून १११२ वजा केले की ९९९ उरतात. मुले लगेच ९९९ मधून ९९९ वजा करून शून्यावर येतात. ०९९९ असे लिहिले तर ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१ मिळतात, मग ८०८२, ८५३२ आणि ६१७४.

सहा अंकांत चित्रच बदलते. नाशिकचा पिनकोड ४२२००१ घ्या. ४२२१०० वजा ००१२२४ म्हणजे ४२०८७६. पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६! सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ हे स्थिरांक आहेत, म्हणजे तीच वजाबाकी केली की त्याच संख्या परत येतात; पण आपला पिनकोड पहिल्याच वजाबाकीत या सात संख्यांच्या चक्रात अडकतो.

कापरेकरांनी देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवले. त्यांच्या हर्षद आणि स्वयंभू संख्याही याच पिनकोडवर शिकवता येतात. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद. इथे बेरीज ९, भागाकार ४६८८९. म्हणजे ४२२००१ हर्षद आहे.

स्वयंभू संख्यांना देवळाली संख्याही म्हणतात. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी संख्या कधीच तयार होत नाही, ती स्वयंभू. जिच्यापासून ती तयार होते, तिला जनक म्हणू. जनकाचा शोध वाटतो तितका लांबलचक नाही. सहा अंकांची बेरीज फार तर ५४, म्हणून मागच्या ५४ संख्याच तपासायच्या. त्यातही, कोणत्याही संख्येला आणि तिच्या अंकांच्या बेरजेला ९ ने भागले की बाकी एकच उरते. दोन्ही मिळवल्यावर ती बाकी दुप्पट होते. ४२२००१ ची बाकी शून्य, म्हणून जनकालाही ९ ने भाग जायला हवा. उरल्या सहाच: ४२१९९२, ४२१९८३, ४२१९७४, ४२१९६५, ४२१९५६, ४२१९४७. सहाही संख्यांच्या अंकांची बेरीज २७! म्हणजे २७ ने मागे असलेली ४२१९७४ हीच जनक, आणि ४२२००१ स्वयंभू नाही.

या ४२१९७४ पाशी मुले हमखास चुकतात. ९ ने भाग गेला म्हणून तिलाही हर्षद म्हणतात. पण तिची बेरीज २७ आहे, आणि २७ ने भागले तर १८ उरतात.

शाळांनी यंदा ६१७४ च्या जोडीला देवळाली कॅम्पचा ४२२४०१ फळ्यावर लिहावा आणि तो स्वयंभू आहे का, हे मुलांना शोधू द्यावे. त्याला ९ ने भागून ४ उरतात, तेव्हा जनकाला भागून २ उरायला हवेत.

आपला,
एक गणित शिक्षक, नाशिक रोड