फोन सीबीआयचा की भामट्याचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे तोतया अधिकाऱ्याने व्हिडिओ कॉलवर ‘अटक’ करून पैसे उकळल्याच्या, बातम्या ठाणे-नवी मुंबईच्या पानावर वारंवार येतात. बातमीत गेलेली रक्कम असते, फसलेल्याचे वय असते आणि शेवटी ‘घाबरू नका’ हा सल्ला असतो. पण गणवेशातला माणूस व्हिडिओवर आपला आधार क्रमांक धडाधड वाचून दाखवत असताना नेमके काय तपासायचे, ते बातमीत सापडत नाही.

आधी, कशावर विसंबू नये ते. आधार, पत्ता, बँकेचे नाव ही माहिती सिमकार्डाच्या दुकानापासून भाड्याच्या करारापर्यंत आपणच वाटत आलो आहोत. ट्रूकॉलरवर दिसणारे ‘सीबीआय’ हे नाव कुणीही चढवू शकतो. अशोकस्तंभाचा शिक्का, ओळखपत्र, ‘सर्वोच्च न्यायालयाचा आदेश’ हे सगळे पीडीएफमध्ये अर्ध्या तासाचे काम. समोरच्याचा रुबाब, मागे लावलेला तिरंगा आणि अस्खलित हिंदी यांवरून तर काहीच ठरवू नये. तपासायची ती पद्धत.

व्हिडिओ कॉलवरची अटक आपल्या कायद्यात नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटक करताना मेमो लिहावा लागतो. त्यावर घरच्या माणसाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते, अटकेची खबर नातेवाइकांना द्यावी लागते आणि २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे लागते. फोनवरचा ‘अधिकारी’ मात्र बायकोलाही सांगू नका, दार लावून घ्या, कॅमेरा चालू ठेवा म्हणतो. गुप्ततेची ही अट ऐकू आली की पुढचे ऐकण्याची गरज नाही. ज्येष्ठांनी आणखी एक लक्षात ठेवावे: साठीपुढच्या पुरुषाला आणि कोणत्याही वयाच्या स्त्रीला साक्षीदार म्हणून विचारपूस करायची असेल, तर पोलिसांना त्यांच्या घरी यावे लागते. पूर्वी पुरुषांसाठी ही मर्यादा ६५ होती, नव्या संहितेत ती ६० झाली.

आता कागद. ईडीच्या समन्सवर हल्ली क्यूआर कोड आणि पासकोड असतो. ईडीच्या संकेतस्थळावर समन्स क्रमांक आणि पासकोड घातला की ते खरे की खोटे ते कळते. मात्र समन्सच्या तारखेपासून २४ तास उलटल्यावर, आणि त्यात सुट्ट्या धरायच्या नाहीत. प्राप्तिकर खात्याच्या पत्रावर ऑक्टोबर २०१९ पासून डीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, असतो. तो ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो. कस्टम्स-जीएसटीच्या पत्रांनाही तसाच क्रमांक असतो. ‘तुमचे पार्सल न्हावा शेवाला पकडले’ म्हणणाऱ्याला तर भूगोलच ठाऊक नसतो. तिथे कंटेनर उतरतात. कुरिअरची पाकिटे सहार विमानतळाच्या बाजूला तपासली जातात. पत्रावरचा फोन नंबर मात्र कधीच वापरू नये, कारण तो लावला की पलीकडे त्याच टोळीतला दुसरा माणूस बोलतो. नंबर खात्याच्या संकेतस्थळावरून घ्यावा आणि फोन घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरून लावावा.

‘व्हॉट्सअॅपवर आलेले सगळे खोटे’ हा सोपा नियमही पुरा पडत नाही. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीस व्हॉट्सअॅपवर बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. पण न्यायालयाचे समन्स इलेक्ट्रॉनिक मार्गाने येऊ शकते. शिवाय परराज्यातल्या सायबर पोलिसांचा फोन खराही असतो. दुकानाच्या क्यूआरवर आलेले पाचशे रुपये कुणा फसवलेल्याच्या खात्यातून फिरत आलेले असले, की बँक तुमच्या खात्यावर होल्ड टाकते. अशा वेळी शाखेतून तक्रारीचा पोचक्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव मागून घ्यावे. अधिकारी खरा असेल तर तो खात्याचा उतारा आणि खुलासा मागेल, लेखी उत्तर घेईल, आणि तुम्ही वकिलाशी बोलून फोन करतो म्हणालात तर हरकत घेणार नाही. ‘ती रक्कम या खात्यात परत टाका’ म्हणाला, तर तो पोलीस नव्हे. होल्डवरची रक्कम बँकेमार्फत किंवा कोर्टाच्या आदेशाने सुटते.

पैशाचा विषय निघाला की पुढचे सगळे स्पष्ट होते. ‘पडताळणीसाठी रिझर्व्ह बँकेच्या खात्यात भरा, ४८ तासांत परत मिळतील’ हे ठरलेले वाक्य. रिझर्व्ह बँकेचे कार्यालय बेलापूरला आहे, पण ती सामान्य माणसाचे खाते उघडत नाही. जो खातेक्रमांक मिळतो, तो भाड्याने घेतलेल्या कुणाच्या तरी बचत किंवा चालू खात्याचा असतो. एफडी मोडायला शाखेत गेल्यावर कारण विचारले तर ‘फ्लॅट घेतोय’ असे सांगायलाही हे लोक पढवतात. शाखांनी अशा वेळी ग्राहकाचा मोबाइल चालू कॉलवर आहे का, एवढे पाहिले तरी बरेच काम होईल.

हा धंदा आपल्या भागाला नवा नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथून अमेरिकेच्या कर खात्याचे, म्हणजे आयआरएसचे, अधिकारी बनून अमेरिकनांना धमकावले जाई आणि ‘दंड’ गिफ्ट कार्डांत वसूल होई. मुले अमेरिकेत असलेल्यांनी त्यांनाही कळवावे: आयआरएस सहसा आधी टपालाने पत्र पाठवते आणि गिफ्ट कार्ड कधीच मागत नाही. एफबीआयचे नाव सांगणाऱ्याला उत्तर देण्याआधी त्या शहरातल्या फील्ड ऑफिसचा नंबर एफबीआयच्या संकेतस्थळावरून घेऊन चौकशी करावी.

पैसे गेलेच तर १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावावी; लागत नसेल तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर नोंद करावी. हाताशी यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा ओळख क्रमांक, हवा: आरटीजीएसचा २२ अक्षर-अंकांचा, यूपीआय-आयएमपीएसचा १२ अंकी. सोबत रक्कम, वेळ आणि पैसे गेले त्या खात्याचा क्रमांक. अनेक वेळा पाठवले असतील तर शेवटचा व्यवहार आधी सांगावा, कारण आधीचे पैसे चार खाती पुढे गेलेले असतात आणि अडकवता येण्याजोगा असतो तो ताजाच. पोचक्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. स्वतःच्या बँकेलाही लगेच लेखी कळवावे. मात्र कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले की ग्राहकाची जबाबदारी शून्य, हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम ग्राहकाच्या संमतीविना परस्पर झालेल्या व्यवहारांसाठी आहे. धाकाने का होईना, स्वतःच्या हाताने आरटीजीएस केले असेल तर बँक तो नियम सहसा मानत नाही. म्हणून सगळी भिस्त १९३० वर गेलेल्या पहिल्या फोनवर असते.

आपला,
एक निवृत्त बँक अधिकारी,
चरई, ठाणे (प.)