उजेड कुठे पडतो, ते आधी पाहावे

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्याव्या लागतात. पुण्यात या सभांच्या विषयपत्रिकेवर लिफ्ट, टँकर आणि पार्किंग यांच्या खालोखाल हल्ली आणखी एक विषय हमखास असतो, तो म्हणजे आवारातले जुने दिवे काढून एलईडी बसवणे. तीन दरपत्रके वाचून दाखवली जातात, सर्वांत कमी दराचे मंजूर होते आणि चहा येतो. दिव्यांची फिटिंग्ज बनवणाऱ्या भोसरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी तीस वर्षे नोकरी केली. तरीही सहा वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीने असाच ठराव केला, तेव्हा कमिटी सदस्य म्हणून मीही त्यावर सही केली होती. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे लिहीत आहे त्यातले बरेचसे शहाणपण त्या सहीनंतर आलेले आहे.

आमच्या अंतर्गत रस्त्यावर पाच मीटर उंचीचे बारा खांब आहेत आणि त्यांवर ७० वॉटचे पिवळे सोडियम दिवे होते. चोकसकट प्रत्येकी ८० वॉटच्या आसपास वीज लागत असे. त्यांच्या जागी आम्ही १०० वॉटचे एलईडी फ्लडलाइट बसवले, तेही पांढरेशुभ्र, ६५०० केल्विनचे (केल्विन हे उजेडाच्या रंगछटेचे माप; आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर). म्हणजे वीज वाचवण्याच्या नावाखाली आम्ही ती वाढवली आणि ‘एलईडी म्हणजे बचत’ हे वाक्य सर्वांना इतके पाठ होते, की पहिले बिल येईपर्यंत हा साधा हिशेब कोणीच मांडला नाही. फ्लडलाइट वायरमनने सवयीप्रमाणे वर तिरके करून बसवले. दोन आठवड्यांत पहिल्या मजल्यावरच्या एका आजींनी झोपेसाठी खिडकीच्या काचेला आतून वर्तमानपत्र चिकटवले. फाटकावरचा वॉचमन आत येणाऱ्या माणसाकडे कपाळावर हात आडवा धरून पाहू लागला, कारण माणसाच्या चेहऱ्याआधी दिवाच त्याच्या डोळ्यांत जात होता. बागेच्या पायऱ्यांशी मी स्वतः एकदा अडखळलो. आणि एवढा झगझगाट असूनही सभेत तक्रार आली ती अंधाराची! दोन खांबांच्या मध्ये काही दिसत नाही, तेव्हा आणखी चार दिवे लावा, अशी मागणी झाली.

ती तक्रार खरी होती, हे मला उशिरा कळले. एलईडीची नुसती चिप आपला उजेड समोरच्या अर्ध्या गोलात पसरवून देते. तिच्यावर योग्य भिंग बसवले नाही, तर खांबाच्या पायाशी लख्ख वर्तुळ पडते आणि अंतर वाढेल तसा उजेड झपाट्याने घटत जातो, कारण तो अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो आणि शिवाय जमिनीवर तिरका पडून पसरतो. रस्त्यासाठी घडवलेले भिंग म्हणूनच मुद्दाम उलटे वागते. ते खांबाच्या थेट खाली कमी आणि दोन खांबांच्या मधोमध जास्त उजेड पाठवते, त्यामुळे जमिनीवर तो सारखा दिसतो. फ्लडलाइट हे मैदानासाठी किंवा भिंत उजळण्यासाठी असलेले साधन आहे. ते खांबावर तिरके टांगले, की उजेडाचा मोठा भाग समोरच्या इमारतीच्या खिडक्यांत आणि आकाशात जातो. डोळा नेहमी दृष्टीतल्या सर्वांत प्रखर जागेशी जुळवून घेतो, आणि मग शेजारची मध्यम उजेडाची जागाही त्याला काळीकुट्ट भासते. रस्त्यांच्या दिवाबत्तीचे आयएस १९४४ हे भारतीय मानक सर्वांत वर्दळीच्या मुख्य रस्त्यांसाठी सरासरी ३० लक्स (लक्स म्हणजे जमिनीवर पडणाऱ्या उजेडाचे माप) सांगते आणि दुय्यम रस्त्यांसाठी अवघे ४ ते ८ लक्स. त्याच्याबरोबरच, सर्वांत अंधाऱ्या जागेचा उजेड सरासरीच्या किती पट असावा, तेही सांगते: मोठ्या रस्त्यांवर ०.४ आणि लहान रस्त्यांवर ०.३. पौर्णिमेचे चांदणे पाव लक्सच्या आसपासच असते, हे लक्षात घेतले तर ४ लक्स म्हणजे अंधार नव्हे, हे पटावे. आमच्याकडे खांबाखाली मोजले तेव्हा ९० लक्स होते आणि मध्ये दीड.

रंगाबद्दलही असेच. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळी चिप आणि तिच्यावर उजेडाचा रंग बदलणाऱ्या पिवळ्या फॉस्फरचा लेप. या निळ्या चिपच्या शोधाला २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले आणि ते सर्वार्थाने योग्य होते. पण लेप जितका पातळ, तितका निळा अंश अधिक आणि केल्विनचा आकडा मोठा. निळा प्रकाश वयस्क डोळ्यांच्या भिंगात अधिक विखुरतो, झोपेच्या मेलाटोनिनला तोच सर्वाधिक आवर घालतो आणि पावसाळी किडेही त्याच्याचकडे अधिक धावतात. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच रस्त्यांसाठी ३००० केल्विन किंवा त्याहून कमी तापमानाचे दिवे सुचवले. पूर्वी पिवळसर एलईडी बरेच कमी उजेड देत, म्हणून पांढऱ्याचा आग्रह समजण्यासारखा होता. आता तो फरक इतका थोडा उरला आहे, की आजींच्या खिडकीपुढे त्याची मातब्बरी नाही.

आता माझ्या स्वतःच्या धंद्याकडे येतो, म्हणजे फिटिंगच्या धडाकडे. एलईडी तापत नाही हा समज मी वायरमनपासून वास्तुविशारदांपर्यंत सगळ्यांच्या तोंडून ऐकला आहे. प्रत्यक्षात फिटिंगला दिलेल्या विजेपैकी निम्म्याहून अधिक आजही उष्णताच होते. जुना बल्ब आपली उष्णता उजेडाबरोबर पुढे फेकून देई. चिपला ती सोय नाही, तिची उष्णता पाठीमागूनच काढावी लागते: चिपमधून धातूच्या पट्टीत, पट्टीतून ॲल्युमिनियमच्या धडात, धडातून पाठीवरच्या पाकळ्यांत आणि तिथून हवेत. या साखळीत कुठेही केसाएवढी फट राहिली, तर मागचे सारे वजनदार ॲल्युमिनियम वाया जाते. आम्ही सरफेस प्लेटवर, म्हणजे अगदी सपाट केलेल्या पाटावर, निळी लावून पट्टीची बैठक तपासत असू. निळीचा ठसा सबंध उमटला नाही, तर धड परत जाई. स्वस्त फिटिंगमध्ये ही बैठक ओबडधोबड असते आणि फट लपवायला पेस्ट भरपूर थापलेली असते. विकत घेणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसतो फक्त चकचकीत पावडर कोटिंगचा रंग.

पाकळ्यांचीही एक गंमत आहे. चित्रात त्या आकाशाकडे तोंड करून फार शोभतात. पुण्यात त्यांच्यावर कबुतरे बसतात. दोन वर्षांत पाकळ्यांच्या फटी विष्ठेने, धुळीने आणि गुलमोहराच्या बारीक पानांनी बुजतात, आणि मग तो उष्णता बाहेर सोडणारा हीट सिंक न राहता गोधडी होतो. पाठ गुळगुळीत आणि उतरती ठेवावी, पाकळ्या असल्याच तर दूर दूर आणि पावसाच्या पाण्याने धुऊन निघतील अशा असाव्यात. हे शहाणपण कोणत्याही परदेशी कॅटलॉगपेक्षा पुण्यातल्या खांबावर चढलेल्या वायरमनला अधिक ठाऊक आहे. त्याला विचारण्याची पद्धत मात्र नाही.

‘५०,००० तास’ हा डब्यावरचा आकडा याच उष्णतेवर उभा असतो. रोज ११ तास धरले तर ती बारा वर्षे होतात. पण हे तास बहुधा चिपचे असतात आणि त्यांचा अर्थ उजेड ७० टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ असा असतो. खांबावर आधी मरतो तो ड्रायव्हर, म्हणजे चिपला हवी तशी वीज पुरवणारा भाग. त्यातल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश तापमानवाढीला साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. त्यातून आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा पडतात, न्यूट्रल सुटतो आणि २३० व्होल्टच्या दिव्यावर ४०० व्होल्टच्या घरातला दाब येतो. म्हणून सर्ज प्रोटेक्शन, म्हणजे दाबाच्या क्षणिक उसळीपासूनचे संरक्षण, १० किलोव्होल्टचे आहे का आणि ४४० व्होल्ट काही तास सोसले जातात का, हे दोन प्रश्न पुण्यात वॉटच्या आधी विचारायला हवेत. तिसरा प्रश्न, ड्रायव्हर वेगळ्या कप्प्यात आहे का आणि चार स्क्रू काढून बदलता येतो का. नसेल तर काही शे रुपयांच्या भागासाठी सबंध फिटिंग भंगारात जाते. आमची बारापैकी पाच तशीच गेली.

पाण्याबद्दल थोडेच सांगतो. आयपी ६६ (धूळ आणि पाणी आत जाऊ न देण्याचा दर्जा) लिहिलेल्या फिटिंगच्या काचेवर आतून दव का धरते, असे लोक विचारतात. तापलेले फिटिंग सरीने एकदम गार झाले, की आतली हवा आकसते आणि वायर आत शिरते तिथल्या सैल ग्लँडमधून ओल आत ओढून घेते. हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा एक छोटा ब्रीदर बसवला, की हा त्रास संपतो.

दुकाने आणि कारखान्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे, आणि तिथे नुकसान नुसत्या बिलाचे नसते. लक्ष्मी रस्त्यावर साडी घेताना गिऱ्हाईक ती दाराशी नेऊन दिवसाउजेडी पाहते. दुकानातल्या दिव्यांच्या कमी रंगनिष्ठेवरचा, म्हणजे त्यांच्याखाली रंग खरे न दिसण्यावरचा, तो शेरा समजावा. दिव्यांवर लिहिलेला रंगनिष्ठेचा ८० हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीतून येतो आणि गडद लाल रंग त्या आठांत नसतोच. त्यासाठी आर ९ हा आकडा निराळा विचारावा लागतो. तो न विचारता बसवलेल्या दिव्याखाली कुंकवाच्या रंगाची पैठणी विटकरी दिसते.

कारखान्यात याहून गंभीर प्रकार घडतो. स्वस्त ड्रायव्हरचा दिवा ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, पण लेथवर काम पकडणारा तीन जबड्यांचा चक मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला बरोबर शंभर जबडे एका जागेवरून जातात आणि फिरता चक थांबल्यासारखा दिसतो. ट्यूबलाइटच्या काळात शेजारशेजारचे दिवे वेगवेगळ्या फेजवर घेऊन यावर उपाय करत. एलईडी आल्यावर ती खबरदारी बरेच जण विसरले. आपल्याकडे भोसरी, चाकण, चिंचवड या पट्ट्यात किती लेथ रात्रपाळीत चालतात, हे सांगायला नको. लुकलुक ओळखायला मोबाइलचा कॅमेरा दिव्याकडे धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकू लागले, तर त्या दिव्याखाली फिरते यंत्र चालवू नये.

रस्त्यांकडेच्या जाहिरात फलकांचे दिवे खालून वर रोखलेले असतात, हेही जाता जाता नोंदवतो. तेच दिवे वरून खाली लावले, तर फलकावरून सुटलेला उजेड निदान जमिनीवर तरी पडेल. याच जिल्ह्यात गिरवलीच्या डोंगरावर आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आहे, आणि आपल्याच राज्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातले पहिले डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेले क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली. काळोख जपण्याची ही समज आवाराच्या भिंतीपर्यंत यायला फार खर्च नाही.

केंद्र सरकारचा पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झाला. तेव्हापासून एलईडी हा शब्द घरोघरी पोहोचला, पण फिटिंगची चौकशी त्याच्यासोबत पोहोचली नाही. आम्ही अखेर गेल्या वर्षी फ्लडलाइट उतरवले आणि ३००० केल्विनची, रस्त्याचे भिंग असलेली ३० वॉटची फिटिंग्ज जमिनीला समांतर बसवली. प्रत्येक खांबामागे ७० वॉट, बारा खांबांचे ८४० वॉट आणि रोजचे ११ तास धरले तर वर्षाला सुमारे ३,३७० युनिट वाचतात. रात्री साडेअकरानंतर दिवे निम्म्यावर येतात, त्याची बचत या हिशेबात धरलेली नाही. दोन खांबांच्या मध्ये आता ६ लक्स मिळतात. जुनी धडे भंगारवाल्याने वजनावर नेली. मला ते पाहवले नाही, आणि यंत्रशाळेत आयुष्य घालवलेल्या कोणालाही पाहवणार नाही.

म्हणून कमिटीवर असलेल्या वाचकांना एक विनंती आहे. दरपत्रकात वॉट आणि दर या दोन रकान्यांच्या जोडीला फिटिंगमधून बाहेर पडणारे ल्युमेन (एकूण उजेड), केल्विन, सर्जची क्षमता आणि ड्रायव्हरची वॉरंटी हे रकाने मागून घ्यावेत, आणि पुरवठादाराकडून आपल्या खांबांची उंची व अंतर घालून जमिनीवरच्या लक्सचा नकाशा मागावा. मागितला तर बहुतेक जण तो फुकट देतात. त्यानंतरही सगळा माल न घेता एकच फिटिंग पंधरा दिवस एका खांबावर लावून ठेवावे आणि रात्री अकराला ते तीन ठिकाणांहून पाहावे: रस्त्यावर उभे राहून, स्कूटरवर बसून आणि पहिल्या मजल्यावरच्या एखाद्या खिडकीतून. आम्ही ते आजींच्या खिडकीतून पाहिले. काचेवरचे वर्तमानपत्र, संपादक महोदय, आपलेच होते, आणि ते काढायला त्यांनी पंधरा दिवस नव्हे, चांगले दोन महिने लावले.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कर्मचारी,
कोथरूड, पुणे